नाचणीची आंबील आणि जर्मनांची गोझे



वसंतातील व्याख्यानमालेत वेदान्त, अर्थकारण, इतिहास असे भारदस्त विषय ऐकण्याची आपणांस सवय आहे. त्या पंगतीत आंबिलीला पाट मांडलेला पाहून काहींना हसू आले असेल. आणि तिच्या शेजारी एका जर्मन बिअरचे नाव वाचून काहींच्या कपाळाला आठ्याही पडल्या असतील. दोन्ही प्रकारच्या श्रोत्यांना मी आरंभीच अभय देतो. मद्याची भलामण करणे हा या व्याख्यानाचा हेतू नाही, आणि केवळ गंमत म्हणूनही हा विषय निवडलेला नाही. भोर आणि वेल्हे या आपल्या डोंगराळ मुलखात पिढ्यान्‌पिढ्या एक आंबट-खारट पेय होत आले आहे. जर्मनीतही एक आंबट-खारट पेय आहे. ते मध्यंतरी पुरते नाहीसे झाले होते आणि वीस वर्षांनी परत आले. ते का गेले आणि कसे परतले हे नीट पाहिले, तर आपल्या पेयाविषयी आपले कर्तव्य काय हेही ध्यानात येते. आजचा विषय एवढाच.

गोझे म्हणजे काय?

जर्मनीत हार्त्स नावाचा डोंगर आहे. त्याच्या पायथ्याशी गोस्लार हे पुरातन गाव वसले आहे. गावालगतच्या रामेल्सबर्गच्या खाणीतून हजार वर्षांहून अधिक काळ चांदी, तांबे आणि शिसे निघत असे. ती खाण १९८८ साली बंद झाली. या गावातून गोझे नावाची एक लहानशी नदी वाहते. तिच्यावरून गावाला नाव मिळाले, आणि गावात तयार होणाऱ्या बिअरलाही.

बिअर सामान्यतः जवाची करतात. जव भिजवायचे, त्यांना मोड आणायचे, ते वाळवून भरडायचे, कोमट पाण्यात मुरवायचे, आणि जो गोड रस सुटतो तो गाळून, हॉप नावाच्या वेलीची कडवट फुले घालून उकळायचा व मग यीस्टने आंबवायचा, अशी ही ढोबळ कृती आहे. गोझेचे वेगळेपण तीन गोष्टींत आहे. पहिली, तिच्यात निम्म्याहून अधिक धान्य मोड आणलेल्या गव्हाचे असते. दुसरी, तिच्यात यीस्टच्या जोडीला दही लावणाऱ्या जीवाणूंचे भाऊबंद काम करतात, त्यामुळे ती ताकासारखी आंबट होते. आणि तिसरी, तिच्यात मीठ आणि धने घालतात! कडवटपणा जवळजवळ नाही, मद्यार्क शेकडा चार-पाच. एकंदरीत चव आंबट, किंचित खारट आणि धन्यांच्या वासाची. गोस्लारच्या नदीचे पाणीच मुळात खनिजांनी खारे असावे आणि पुढे दुसऱ्या गावी ही बिअर करताना तीच चव आणण्यासाठी मीठ घालू लागले असावेत, असा एक तर्क सांगतात. तर्क म्हणूनच तो घ्यावा.

१५१६ साली बव्हेरियाच्या ड्यूकने एक प्रसिद्ध नियम केला. बिअरमध्ये जव, हॉप आणि पाणी यांवाचून दुसरे काही घालायचे नाही. हा नियम १९०६ साली सगळ्या जर्मन साम्राज्याला लागू झाला. त्या कसोटीवर गव्हाची, मिठाची, धन्यांची गोझे नापासच व्हायची. परंतु त्या त्या प्रांताची परंपरागत वस्तू म्हणून अशा काही पेयांना मोकळीक मिळाली आणि गोझे त्यांत बसली. कायदा करणारे शहाणे असले म्हणजे नियमालाही गावाची चव ओळखता येते, असे म्हणायला हरकत नाही.

गोस्लारहून ही बिअर अठराव्या शतकात लाइपझिग या मोठ्या व्यापारी शहरात गेली आणि तेथे तिचा एवढा जम बसला की लोक तिला लाइपझिगचीच समजू लागले. जवळच्या ड्योल्निट्झ गावातील जहागिरीच्या कारखान्यात १८२४ पासून ती होऊ लागली. विसाव्या शतकाच्या आरंभी लाइपझिगमध्ये गोझे देणारी ऐंशीहून अधिक पेयगृहे होती असे सांगतात. ती लांब मानेच्या बाटलीत भरत. बाटलीला बूच नसे. आंबण्याची क्रिया चालूच असल्यामुळे यीस्टचा फेस मानेत वर येऊन वाळे आणि त्याचेच आपोआप बूच बने. अशा एका पेयगृहाचे नाव मोठे बोलके आहे : ‘ओने बेडेंकेन’, म्हणजे ‘निःशंकपणे’. हे आंबट प्रकरण खरोखर पिण्याजोगे आहे का, असे नवखे गिऱ्हाईक विचारी, तेव्हा वाढपी उत्तर देई, ‘निःशंकपणे!’ ते उत्तरच दुकानाचे नाव झाले, असे सांगतात. हा शब्द आपण ध्यानात ठेवावा. शेवटी त्याचे काम पडणार आहे.

भोर-वेल्ह्याची आंबील

आता आपल्या मुलखात येऊ. भोर हे १९४८ पर्यंत पंतसचिवांचे संस्थान. हिरडस मावळ, रोहिड खोरे ही त्याच्या भागातली जुनी नावे. शेजारच्या वेल्हे तालुक्याचे नाव २०२५ साली राजगड असे झाले. तेथे गुंजण मावळ आणि कानद खोरे. राजगड, तोरणा, रोहिडा हे किल्ले सर्वांना ठाऊक आहेत. किल्ल्यांच्या पायथ्याशी जे पिकते आणि शिजते, ते मात्र इतिहासाच्या पुस्तकात सहसा येत नाही.

या खोऱ्यांत खाचरात भात आणि डोंगरउतारावर नाचणी व वरी अशी जुनी वाटणी आहे. उताराच्या जमिनीला वरकस म्हणतात. तिच्यात पहिल्या वर्षी नाचणी, दुसऱ्या वर्षी वरी, तिसऱ्या वर्षी खुरासणी, जिला कोणी कारळे म्हणतात, आणि मग काही वर्षे जमीन पडीक, अशी फिरती पद्धत होती. रोपासाठी आधी राब भाजायचा : वाफ्यावर शेण, पालापाचोळा, वाळलेल्या फांद्या आणि गवत यांचे थर पसरून उन्हाळ्यात ते पेटवायचे. त्याने तणाचे बी मरते आणि राख मिळते. पावसाळ्याच्या तोंडाला तेथे बी टाकायचे, रोपे हातभर झाली की उतारावर लावायची, दिवाळीच्या सुमारास कणसे खुडायची आणि खळ्यावर बडवायची. दाणा मोहरीएवढा, पण टिकाऊ असा की त्याला सहसा कीड लागत नाही आणि तो कणगीत वर्षानुवर्षे राहतो. दुष्काळात माणसे जगवणारे धान्य अशी नाचणीची ख्याती आहे ती यामुळेच.

या नाचणीची भाकरी होते, पेज होते आणि आंबील होते. पेज आणि आंबील यांतील फरक शहरी माणसाला पुष्कळदा कळत नाही. पीठ पाण्यात कालवून लगेच शिजवले की ती पेज. तेच पीठ पाण्यात किंवा ताकात कालवून रात्रभर ठेवले, सकाळी त्याला आंबूस वास सुटला, बुडबुडे आले, आणि मग उकळत्या पाण्यात धार धरून, गुठळ्या होऊ न देता ढवळत शिजवले की ती आंबील. निवाल्यावर तिच्यात मीठ आणि पुन्हा थोडे ताक घालायचे. घरात असेल तर ठेचलेला लसूण, जिरे, वरून कोथिंबीर. कोणी शिजवून मग आंबवतात, कोणी तांदळाच्या कण्या घालतात. घराघराची रीत वेगळी. तोंडी लावायला कांदा, मिरचीचा ठेचा किंवा भाजलेला बोंबील. उन्हाळ्यात राब भाजणाऱ्याला, लावणीच्या दिवसांत चिखलात वाकलेल्या बाईला ही आंबील म्हणजे अन्न आणि पाणी दोन्ही असे.

येथे गोझेशी साम्य पाहा. धान्य, आंबटपणा, मीठ हे तर आहेच. पण गोझेत धने पडतात आणि आंबिलीवर कोथिंबीर पडते. ती एकाच झाडाची दोन अंगे. लाइपझिगमध्ये गोझेत जिऱ्याच्या कुळातील एका बियाण्याची गोडसर दारू मिसळून घेण्याची रीत आहे आणि त्या मिश्रणाला ते गमतीने ‘छत्री’ म्हणतात. आपण जिरे चुरून घालतो. या दोन मुलखांनी एकमेकांना पाहिलेले नव्हते, तेव्हा उसनवारीचा प्रश्नच नाही. आणखी एक सावधगिरी : गोझेला नदीचे नाव आहे, आणि वेल्ह्यात पानशेतचे धरण ज्या नदीवर आहे तिचे नाव आंबी आहे. म्हणून आंबिलीचे नाव नदीवरून आले असे कोणी उत्साहाने सांगू लागेल, तर विश्वास ठेवू नये. आंबील हा शब्द ‘अम्ल’ या संस्कृत शब्दाच्या कुळातला आहे. पालीत आंबट या अर्थी ‘अंबिल’ असा शब्दच आहे. म्हणजे आपल्या कोणत्याही किल्ल्याच्या तटबंदीहून हा शब्द वयाने मोठा!

मडक्यात काय घडते?

आता मडक्याचे झाकण काढून आत पाहू. पीठ भिजले की त्यावरचे सूक्ष्म जीव जागे होतात. त्यांत दुग्धाम्ल करणारे जीवाणू असतात. ते पिठातील थोडीफार साखर खातात आणि तिचे दुग्धाम्ल करतात. हेच आम्ल दह्यालाही आंबट करते. हे काम जिवंत जीव करतात, केवळ सडण्याची ती क्रिया नव्हे, हे फ्रान्समध्ये लुई पाश्चर याने १८५७ साली दाखवून दिले. त्यापूर्वी शेकडो वर्षे आपल्या आजीबाईंना कारण ठाऊक नव्हते, पण कालच्या आंबिलीचा चमचाभर अंश आजच्या पिठात घातला की ती लवकर आणि चांगली आंबते, हे पक्के ठाऊक होते. दह्याला विरजण लावतात, तोच हा प्रकार.

या आम्लाचे काम केवळ चवीचे नाही. आंबटपणा एका मर्यादेपलीकडे गेला की रोग करणारे बहुतेक जीवाणू त्यात वाढू शकत नाहीत. म्हणजे मडक्यातील एक जात दुसऱ्या जातींना घरात शिरू देत नाही. शीतपेटी नसलेल्या घरात, वैशाखाच्या उन्हात, शिजवलेली पेज संध्याकाळपर्यंत बिघडेल. आंबील त्या मानाने टिकते. दुसरे काम अधिक महत्त्वाचे आहे. नाचणीत चुना आणि लोह भरपूर असते. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०१७ साली प्रसिद्ध केलेल्या कोष्टकांत शंभर ग्रॅम नाचणीत सुमारे ३६४ मिलिग्रॅम कॅल्शियम दिले आहे. तेवढ्याच सडलेल्या तांदळात ते दहा मिलिग्रॅमही नाही. परंतु धान्याच्या सालीत फायटेट नावाचे एक द्रव्य असते. ते चुना, लोह आणि जस्त यांना धरून ठेवते आणि शरीरात शोषू देत नाही. घरात धन आहे, पण तिजोरीची किल्ली हरवलेली, अशी ती अवस्था. आंबवल्याने आणि मोड आणल्याने हे फायटेट फुटते, आणि अडकलेले क्षार मोकळे होतात. अर्थात आंबिलीत पीठ थोडे आणि पाणी पुष्कळ असते, तेव्हा एका वाटीने हाडे वज्राची होतील असे कोणी समजू नये. पण रोजच्या रोज, आयुष्यभर घेतलेल्या वाटीचा हिशेब निराळा असतो.

मिठाचे काय? गोझेत मीठ चवीपुरतेच असते. आंबिलीतही ते शेवटी चवीला पडते. पण उन्हात राबणाऱ्या माणसाला त्याचा आणखी एक उपयोग आहे. घामातून पाण्याबरोबर मीठही जाते. नुसते पाणी पीत राहिले तर ते भरून येत नाही. आतड्यात साखर आणि मीठ एकत्र आले की दोन्ही जोडीने आत शोषली जातात आणि त्यांच्यामागून पाणी जाते. याच तत्त्वावर मीठसाखरेचे पाणी देऊन डॉ. दिलीप महालनबीस यांनी १९७१ साली बनगाव येथील निर्वासितांच्या छावणीत पटकीच्या असंख्य रुग्णांचे प्राण वाचवले. पुढे बांगलादेशात साखरेऐवजी तांदळाच्या पिठाचे तसेच पाणी यशस्वी ठरले. कारण पिठातील पिष्टाची आतड्यात साखरच होते. पीठ, मीठ, पाणी! शेतावर नेलेल्या आंबिलीच्या किटलीत दुसरे काय होते? आंबील हे जुलाबावरचे औषध आहे असे मी म्हणत नाही. तेथे डॉक्टरांचेच ऐकावे. पण उन्हाळ्यात तिने बरे का वाटते, याला शास्त्राचा आधार आहे.

एकाच वाटेचे दोन फाटे

मग एकीची दारू का होते आणि दुसरीचे अन्न का राहते? फाटा फुटतो तो मोडापाशी. धान्याला मोड आला की त्याच्या पोटात पिष्टाची साखर करणारी द्रव्ये तयार होतात. जर्मन माणूस मोड आणलेले धान्य कोमट पाण्यात मुरवतो तेव्हा पुष्कळ साखर सुटते, आणि यीस्ट ती खाऊन मद्यार्क करते. त्याला आठवडे लागतात. आपली आंबील न मोडवलेल्या पिठाची. तीत साखर थोडी, वेळ एका रात्रीचा, आणि त्या रात्री पुढे धावतात ते आम्लाचे जीवाणू. शिवाय पुढे ती शिजवली जाते, आणि यीस्टने चुकून काही मद्यार्क केलाच असला तर तो वाफेबरोबर निघून जातो. म्हणून आंबील लहान मुलालाही देतात.

पण दोष किंवा गुण धान्याचा नव्हे. हीच नाचणी सिक्कीममध्ये आणि नेपाळात कोदो म्हणून ओळखली जाते. तेथे ती शिजवून, तीत मुर्चा नावाचे विरजण कालवून जाँड नावाची बिअर करतात आणि वेळूच्या भांड्यातून नळीने पितात. म्हणजे एकाच दाण्यापासून हिमालयाने एक वाट धरली आणि सह्याद्रीने दुसरी.

आपल्या ग्रंथांनाही ही विद्या अपरिचित नव्हती. आयुर्वेदात धान्यापासून केलेल्या आंबट पाण्याला कांजी किंवा धान्याम्ल म्हणतात. भावप्रकाशात त्याचे धान्यपरत्वे प्रकार सांगितले आहेत : जवाचे ते सौवीर आणि सोललेल्या कच्च्या गव्हाचे ते आरनाल. गव्हाचे आंबट पेय! गोस्लारच्या माणसाने ऐकले असते तर त्याला घरच्यासारखे वाटले असते. आणि आंबील केवळ गरिबाची नव्हती, याची साक्ष आपले सण देतात. महाराष्ट्रात कित्येक घरी ज्येष्ठागौरींच्या नैवेद्याला ज्वारीच्या पिठाची आंबील लागते. कोल्हापुरास रेणुकेची यात्राच आंबील यात्रा म्हणून ओळखली जाते. जी वस्तू देवीला चालते, ती पाहुण्याला वाढायला आपण का लाजतो, हा प्रश्न येथून सुरू होतो.

गोझे कशी गेली आणि कशी परतली

लाइपझिगची गोझे एका शतकात दोनदा मेली. दुसरे महायुद्ध संपले तेव्हा, १९४५ साली, ड्योल्निट्झचा कारखाना बंद पडला. चार वर्षांनी, १९४९ मध्ये, फ्रीड्रिख वुर्त्सलर नावाच्या एका गृहस्थाने लाइपझिगमध्ये लहानसा कारखाना काढून ती पुन्हा सुरू केली. तो पूर्वी ड्योल्निट्झला काम केलेला माणूस, म्हणून त्याला कृती ठाऊक होती. त्याने ती आपल्या सावत्र मुलास शिकवली. हा मुलगा १९६६ साली वारला आणि कारखाना बंद झाला. कोणी बंदी घातली नव्हती, राजाज्ञा निघाली नव्हती. जाणणारा एकच माणूस उरला होता आणि तो गेला, एवढेच. गोस्लारमध्ये तर ही बिअर त्याच्या कितीतरी आधी, एकोणिसाव्या शतकातच थांबली होती. ज्या शहरात तिची ऐंशी पेयगृहे होती, तेथे ती एका मृत्यूने संपली!

ती परत आणली लोथार गोल्डहान या गृहस्थांनी. १९८०च्या दशकात त्यांनी ‘ओने बेडेंकेन’ हे मोडकळीस आलेले जुने पेयगृह पुन्हा उभे करायला घेतले. पेयगृह उभे राहील, पण त्यात पेय कोणते द्यायचे? लाइपझिग तेव्हा पूर्व जर्मनीत होते. साधनांची टंचाई होती. गोल्डहान यांनी शहरातील म्हाताऱ्या माणसांना गाठले, ज्यांनी तरुणपणी गोझे प्यायली होती. रंग कसा होता, आंबटपणा किती, मीठ किती लागे, असे विचारून त्यांनी चव निश्चित केली. मग ती तयार करून देणारा कारखाना शोधला. पूर्व बर्लिनमध्ये एक आंबट गव्हाची बिअर होत होतीच. त्या कारखान्याने काम पत्करले, आणि १९८६ साली गोझे पुन्हा लोकांसमोर आली. आज ती लाइपझिगमध्ये होते, आणि अमेरिकेतील लहान लहान कारखान्यांनीही तिचे अनुकरण चालवले आहे.

या हकिकतीतील मर्म कोठे आहे? वीस वर्षांचा खंड पडला तरी ती परतू शकली. कारण चव आठवणारी माणसे अजून जिवंत होती. तोच खंड साठ वर्षांचा असता, तर विचारायला कोणीही उरले नसते. पेय कागदावर टिकत नाही; ते जिभांवर टिकते.

आपली वीस वर्षे

आंबिलीच्या बाबतीत ही वीस वर्षे सुरू झाली आहेत, असे मला भय वाटते. महाराष्ट्रात नाचणीखालची जमीन गेल्या कित्येक दशकांत घटत आली आहे. आपल्या खोऱ्यांपुरती कारणे शोधायला दूर जायला नको. तरुण माणूस मुंबईस किंवा पुण्यास चाकरीला गेला. उतारावर राबायला हात उरले नाहीत. रानडुकरे उभे पीक लोळवतात. धरणे झाली, रस्ते झाले, आणि वरकस जमीन पिकासाठी नव्हे तर बंगल्यासाठी विकली जाऊ लागली. शिधावाटपाच्या दुकानात गहू-तांदूळ मिळू लागला. उपाशी माणसाच्या ताटात धान्य पडले ही चांगलीच गोष्ट झाली, तिला नावे ठेवण्याचा करंटेपणा मी करणार नाही. पण त्याबरोबर नाचणी बडवण्याचे, साफ करण्याचे आणि दळण्याचे कष्ट कोणाला नकोसे झाले असतील, तर दोष त्या बाईला कसा द्यायचा? ते सारे कष्ट तिच्याच वाट्याचे होते.

या सर्वांहून जबर कारण मात्र लाज हे आहे. काळी भाकरी आणि आंबील म्हणजे दारिद्र्य, पांढरा भात आणि चहा म्हणजे प्रतिष्ठा, हे गणित आपण शहरवाल्यांनी खेड्याला शिकवले. आंबिलीच्या जागी चहा आला. त्यात ना पीठ ना चुना, केवळ साखर. आणि आता तेच शहर उलटा धडा देऊ लागले आहे. संयुक्त राष्ट्रांनी २०२३ हे भरडधान्यांचे वर्ष म्हणून साजरे केले. तेव्हापासून नाचणी दक्षिणेकडचे ‘रागी’ हे नाव धारण करून, चकचकीत पाकिटात बसून, पेठेतल्या दुकानात आली आहे. केंद्र सरकारने २०२४-२५ सालासाठी नाचणीचा आधारभूत भाव क्विंटलला ४२९० रुपये, म्हणजे किलोला त्रेचाळीस रुपयांच्या आत ठरवला. पाकिटावरचा आकडा आपण घरी जाऊन वाचावा आणि मधले अंतर स्वतःच मोजावे. धान्याला मान मिळाला, पण ते पिकवणारीला आणि आंबवणारीला तो पोचला का, हा खरा प्रश्न आहे.

मग करावे काय? मोठ्या योजना सांगण्याचा अधिकार मला नाही. आपल्या हातातल्या तीन गोष्टी सांगतो.

पहिली गोष्ट, विचारणे आणि लिहून ठेवणे. भोरच्या बाजारात, वेल्ह्याच्या गावात, किंवा आपल्याच घरात जिच्या हातची आंबील नावाजली जात असे अशी एखादी वृद्धा असेलच. पीठ किती, पाणी किती, किती तास, कोणत्या भांड्यात, बिघडली हे कशावरून ओळखायचे, हे तिला विचारून वहीत उतरावे. शेवटचा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा. आंबूस वास चांगला. पण कुजकट वास, रंगीत बुरशी किंवा तार सुटलेली दिसली तर ती आंबील टाकून द्यायची. आणि कल्हई नसलेल्या तांब्यापितळेच्या भांड्यात ती कधी ठेवायची नाही. हे ज्ञान वहीत उतरले तरी अपुरेच; म्हणून एकदा तिच्या शेजारी बसून ती आंबील करून पाहावी.

दुसरी गोष्ट, नाचणी जेथे पिकते तेथून घेणे. सुट्टीच्या दिवशी राजगडावर किंवा तोरण्यावर जाणारे तरुण पायथ्याच्या गावातून येताना दोन किलो नाचणी घेऊन आले, तर त्यांच्या पाठीला भार होणार नाही आणि त्या घराला वरकस कसण्याचे एक कारण मिळेल.

तिसरी गोष्ट सर्वांत सोपी आणि म्हणूनच सर्वांत अवघड. घरी पाहुणा आला असता उन्हाळ्यात त्याच्यासमोर चहाऐवजी आंबिलीचा पेला ठेवावा. तो कदाचित क्षणभर थबकेल आणि विचारेल, ‘हे काय? हे चालते का?’ त्या वेळी संकोचून, ‘आमच्याकडे आपले गावाकडचे असते...’ असे पुटपुटू नये. लाइपझिगच्या त्या वाढप्याचे उत्तर आठवावे आणि पेला पुढे करावा : निःशंकपणे!